गाडी चकाचक, खिसा शाबूत

सिरॅमिक घ्यायचं की ग्राफिन? स्टुडिओचं पॅकेज की हजार-बाराशेची बाटली? चमकण्यामागचे फंडे एकदा क्लिअर करून घेऊ या!

"मॅडम, कोटिंगचं काय करायचं?"

नवी गाडी बुक करायला गेलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलाय. लोनचे कागद झाले, इन्शुरन्स झाला, फास्टॅग झाला, मॅट झाली, सीट कव्हर झाली. आता सुटलो एकदाचे, असं वाटतं न वाटतं तोच टेबलापलीकडचा गोडबोल्या मुलगा एक लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवतो. सिल्व्हर पॅकेज, गोल्ड पॅकेज, प्लॅटिनम पॅकेज. दहा लाख चाललेतच, त्यात आणखी तीस हजार! लग्नाच्या खरेदीसारखं असतं हे. शेवटच्या दुकानात माणूस भाव करायचा सोडून देतो.

कागदावरचा शब्द तेवढा बदलत आलाय. वीसेक वर्षांपूर्वी तिथे 'टेफ्लॉन' असायचं. आमच्या घरच्या पहिल्या गाडीलाही ते लावलं होतं आणि बाबा पाहुण्यांना ते अभिमानाने सांगायचे. टेफ्लॉन म्हणजे तव्यावर असतं तेच. ते वितळतं ३२७ अंश सेल्सियसला, आणि तव्यावर पक्कं बसवायला भट्टी लागते. गाडीला कोण भट्टीत घालणार? कंपनीत रंग भाजतात तोही साधारण १४० अंशांच्या आसपास. तेव्हा बाबांच्या गाडीवर नेमकं काय चिकटलं होतं, हा प्रश्न आता विचारण्यात अर्थ नाही. गाडी कधीच विकली गेली. सध्या त्या कागदावर 'सिरॅमिक' आहे आणि त्याच्या डोक्यावर, दोन-चार हजार जास्त देऊन, 'ग्राफिन'.

माझी गाडी नवी नाही. २०१७ची हॅचबॅक, सेकंडहँड, रंग गडद निळा. म्हणजे सकाळी धुवा आणि दुपारी धुळीवर बोटाने नाव लिहा! ईएमआय महिन्याला ८,४०० रुपये. एका डिटेलिंग स्टुडिओने तिच्याभोवती टॉर्च घेऊन दोन फेऱ्या मारल्या आणि मला २८,००० रुपयांचं कोटेशन दिलं. तीन ईएमआय, आणि वर मित्रमंडळींना एक दणदणीत पार्टी! मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. कुणी 'हे चालतं' म्हणालं की 'दाखव' म्हणायचाच पगार मिळतो मला. कोटेशन घडी करून पर्समध्ये टाकलं आणि अभ्यासाला बसले.

कागदाएवढा रंग

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवू या. गाडीच्या पत्र्यावर खाली प्रायमर असतो, त्यावर रंग म्हणजे बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. ऑफिसच्या प्रिंटरमधला कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. बघा म्हणजे, ज्याच्यावर आपण जीव टाकतो तो रंग जेमतेम कागदाएवढा जाड. त्यातला क्लिअरकोट तर ४०-५० मायक्रॉन, डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. चमक त्याची, आणि मारही तोच खातो.

रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी असताना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी गोल गोल दिसतं ना? ते चरे. प्रत्यक्षात ते गोल नसतात, सगळ्या दिशांनी गेलेले असतात. दिव्याच्या प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. डिटेलिंगवाले त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. ते येतात कुठून? नव्वद टक्के वेळा, असं मी आकडा न मोजता ठोकून देते, आपल्याच फडक्यातून आणि त्या मोरपिसासारख्या दिसणाऱ्या झटकणीतून. वाकड, हिंजवडी, बाणेर या पट्ट्यात बांधकामं कधी थांबतच नाहीत. इथली धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरड्या फडक्याने ती पुसायची म्हणजे हलक्या हाताने सँडपेपर फिरवायचा.

आता पॉलिश आणि वॅक्स या शब्दांचा गोंधळ. आपल्याकडे सगळ्यालाच 'पॉलिश' म्हणतात. पण पॉलिश म्हणजे फेशियलमधलं स्क्रब. ते क्लिअरकोटचा एक पापुद्रा घासून काढतं, म्हणून चरे नाहीसे होतात. असं स्क्रब आयुष्यात मोजक्याच वेळा करायचं, कारण थर मुळात केसाएवढा. वॅक्स, सिरॅमिक, ग्राफिन ही सगळी वरून लावायची क्रीमं. ती काही काढत नाहीत, भर घालतात. (पार्लरमधलं वॅक्स उलटं वागतं, पण तो विषय वेगळ्या पानाचा!) स्टुडिओच्या २८ हजारांत मोठा वाटा मशीनने करायच्या या स्क्रबचा असतो. बाटलीचा नाही. ही गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नव्हती. मी विचारल्यावर मात्र त्याच माणसाने हसत मान डोलावली.

ताडाच्या पानापासून ग्राफिनपर्यंत

जुनं, खानदानी वॅक्स म्हणजे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक प्रकारचा ताड वाढतो. कडक उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याच्या पानांवर मेण येतं. तेच हे. चॉकलेटच्या गोळ्यांना आणि औषधाच्या गोळ्यांना जी चकाकी असते, त्यातही हे मेण वापरतात. ते वितळतं ८२ ते ८६ अंशांना, पण डबीत ते शुद्ध नसतं. तेलं, सॉल्व्हंट, इतर मेणं मिसळून मऊ केलेलं असतं. मे महिन्यात गडद गाडीचं बॉनेट हात ठेवता येणार नाही इतकं तापतं, मग पाऊस बडवतो आणि दीड-दोन महिन्यांत कार्नोबा राम म्हणतं. दिसतं मात्र झकास. काळ्या आणि लाल गाडीवर त्याचा ओलसर, खोल रंग अजून कुणाला जमलेला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सिरॅमिकचं नाव ऐकून चिनीमातीची बशी डोळ्यासमोर येते, पण बाटलीत बशी नसते. सिलिकॉनची संयुगं असतात. हवेतल्या दमटपणाशी त्यांची क्रिया होऊन क्लिअरकोटवर सिलिकासारखा कडक, पातळ पापुद्रा धरतो. स्टुडिओतली ३०-५० मिलिलिटरची छोटी बाटली खूप घट्ट असते. ती एकेका पत्र्यावर जपून लावतात, पहिला दिवसभर पाणी लागू देत नाहीत आणि पूर्ण मुरायला आठवडा देतात. आपल्याला ऑनलाइन मिळणारी 'सिरॅमिक स्प्रे वॅक्स' म्हणजे याच खानदानातली चुलत बहीण. सिलिकाची संयुगं त्यात थोडी, बाकी पाणी आणि पॉलिमर. टिकते महिन्यांत, वर्षांत नाही. पण लावायला दहावी पास पुरे!

दोघींचं मुख्य काम एकच. अळवाच्या पानावर पाणी कसं मोत्यासारखं पळतं, तसं बॉनेटवर पळवायचं. जाहिरातीतला तो स्लो-मोशन व्हिडिओ आठवा. आपल्या परसात हा व्हिडिओ पिढ्यान् पिढ्या फुकट दिसतोय. पाणी पळालं की चिखल, धूळ, झाडाचा चीक घट्ट धरून बसत नाहीत. धुणं सोपं होतं, घासावं कमी लागतं आणि घासणं कमी म्हणजे चरे कमी. कोटिंगचा खरा फायदा हा आहे. बुलेटप्रूफ जाकीट नव्हे ते, तांब्याच्या भांड्याची कल्हई आहे. कल्हई जाते, आपण पुन्हा करतो, भांड्याला दोष देत नाही.

मग पॅकेटवर ते '९एच हार्डनेस' काय असतं? हा माझा आवडता किस्सा. ते वाचून मला हिऱ्याच्या जवळपासचं काहीतरी वाटलं, कारण शाळेत खनिजांच्या काठिण्याचा मोह्स स्केल शिकलो होतो आणि त्यात ९ म्हणजे माणिक-नीलम. पण कोटिंगच्या दुनियेतलं ९एच हे पेन्सिलचं आहे. हो, तीच एचबी, टूबी वाली ड्रॉइंगची पेन्सिल! ठरावीक कोनात, ठरावीक वजनाने पेन्सिल दाबून फिरवतात आणि पृष्ठभागाला चरा न पाडणारी सर्वांत कडक पेन्सिल नोंदवतात. रंग उद्योगात ही रीतसर चाचणी आहे, खोटं काही नाही. पण या चाचणीच्या मोजपट्टीत ९एचच्या पुढे काही नाही, आणि वाळूचा कण ग्राफाइट-मातीच्या पेन्सिलीपेक्षा खूप कडक. पापुद्रा तर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. तेव्हा पार्किंगमध्ये कुणाच्या स्कूटरचं हँडल घासलं, तर ९एच तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नाही. दगडगोट्यांपासून वाचायचं असेल तर १५०-२०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म येते, पीपीएफ म्हणतात तिला. तिचं बिल ऐकून मी चहा मागवला.

आणि ग्राफिन? त्याची गोष्ट खरीच सॉल्लिड आहे. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर साधी चिकटपट्टी लावून ओढून ओढून कार्बनचा एका अणूएवढा जाड थर वेगळा काढला. २०१०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पोलादाहून कितीतरी मजबूत, उष्णता वाहण्यात तांब्याच्याही पुढे. एवढं वाचलं की कुणीही म्हणेल, लावा माझ्या गाडीला!

पण थांबा. हे गुण अख्ख्या, निर्दोष एकाच थराचे आहेत. बाटलीत बहुतेक वेळा असतं ग्राफिन ऑक्साइड किंवा त्याचा सुधारित भाऊ, तोही बारीक चुऱ्याच्या रूपात, सिलिकॉनच्याच मिश्रणात मिसळलेला. गंमत म्हणजे साधं ग्राफिन ऑक्साइड पाण्याला दूर लोटत नाही, जवळ करतं. त्यावर प्रक्रिया करावी लागते. मी दुकानात आणि ऑनलाइन मिळून सात बाटल्यांची लेबलं वाचली. ग्राफिन किती आहे, ते एकीवरही छापलेलं नव्हतं.

ग्राफिनवाल्यांचा मोठा दावा असा, की ते उष्णता पसरवतं, त्यामुळे पाण्याचे डाग कमी पडतात. इथे माझ्यातली टेस्टर जागी झाली. गाडीचा पत्रा साधारण ७०० मायक्रॉन जाड, त्यावर १०० मायक्रॉन रंग, आणि त्यावर मायक्रॉनभराचा नाहीतर त्याहून पातळ पापुद्रा, ज्यात चिमूटभर ग्राफिन. उन्हाची उष्णता पसरवायची जबाबदारी या चिमटीवर टाकणं म्हणजे ढोलपथकात त्रिकोण वाजवणाऱ्याला ताल सांभाळायला सांगणं. ग्राफिनवाली बाटली वाईट असते असं मी अजिबात म्हणत नाही. ती चांगली असते, पण आतल्या इतर मालामुळे. तेव्हा 'ग्राफिन' या सात-आठ अक्षरांच्या स्टिकरसाठी दुप्पट पैसे मोजू नका. सारख्याच भावात मिळत असेल तर खुशाल घ्या.

बॉनेटचे चार वाटे

वाचून पोट भरेना, तेव्हा मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी बॉनेटवर मास्किंग टेप लावून चार वाटे केले. एकावर कार्नोबाची डबी, दुसऱ्यावर सिरॅमिक स्प्रे, तिसऱ्यावर ग्राफिन स्प्रे, चौथा उघडाबोडका. सोसायटीतल्या पोरांना वाटलं मी गाडीवर कॅरम आखतेय.

एका गाडीचा एक पावसाळा म्हणजे काही संशोधन नव्हे, पण मला जे दिसलं ते असं. पहिल्या आठवड्यात कार्नोबाचा भाग सगळ्यात देखणा. शेजारच्या विंगमधल्या एका काकांनी 'इथला रंग नवा मारला का?' असं विचारलंसुद्धा. जुलै मध्याला त्यावर पाणी पसरून बसायला लागलं. सिरॅमिक आणि ग्राफिनवर थेंब सप्टेंबरपर्यंत पळत होते, जरा आळसावून का होईना. दोघांत फरक शोधायचा मी मनापासून प्रयत्न केला. टेपच्या खुणा निघून गेल्यावर तर कुठला भाग कुठला, हे मला वहीत बघून ठरवावं लागलं. उघडा भाग धुवायला सगळ्यात जास्त घासावा लागला, तेही दिसलं.

एका बाबतीत चारही भाग सारखेच नापास. पक्ष्यांची शिट. त्यातलं युरिक ॲसिड तापलेल्या पत्र्यावर क्लिअरकोटला खातं, आणि एवढा पातळ पापुद्रा फार तर थोडा वेळ मिळवून देतो. दिसली की लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचलायची, घासायची नाही. गाडीत एक ओल्या कापडाची डबी ठेवा. कुठल्याही कोटिंगपेक्षा ती जास्त रंग वाचवते.

पाण्याचे डागही पडले, सिरॅमिकवर आणि ग्राफिनवरही. आमच्याकडे अर्धं पाणी बोअरचं, उरलेलं टँकरचं. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब मोत्यासारखा उभा राहतो, उन्हात तिथेच वाळतो आणि मागे पांढरी टिकली ठेवून जातो. म्हणजे थेंब जितका देखणा तितका डाग ठसठशीत! उपाय एकच, धुतल्यावर लगेच टिपून घेणं. पडलेच तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून, सावलीत, थोडा वेळ लावून धुऊन टाकायचं. आणि आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी गाडीला वापरायचा सल्ला पाणी वाचवायला उत्तम आहे, पण त्यात क्षार जास्त असतात. शेवटचा हात तरी चांगल्या पाण्याचा द्या.

काय घ्यायचं, किती घ्यायचं

आता खरेदी. कंपन्यांचे इतिहास मोठे मजेदार आहेत. मेग्वायर्सची सुरुवात १९०१ साली अमेरिकेत फर्निचरच्या पॉलिशपासून झाली. टर्टल वॅक्स १९४०च्या दशकातलं, शिकागोचं. आपल्याकडचं वॅक्सपोल तर पेट्रोल पंपाच्या कपाटात लहानपणापासून दिसतंय. हल्ली भारतीय कंपन्यांचे सिरॅमिक स्प्रेही ढिगाने आलेत, बऱ्याचदा निम्म्या किमतीत. नावापेक्षा वापरायची पद्धत बघून निवडा, हे माझं सांगणं. मेग्वायर्सचं हायब्रिड सिरॅमिक वॅक्स ओल्या गाडीवर फवारून लगेच जोरदार पाण्याने धुऊन टाकायचं असतं. म्हणजे त्याला पाण्याचा पाइप हवा. ज्या सोसायटीत पाइपला बंदी आहे तिथे ते कपाटात पडून राहील. टर्टल वॅक्सचा सिरॅमिक स्प्रे कोरड्या गाडीवर फवारून पुसायचा, तो बेसमेंट पार्किंगवाल्यांच्या सोयीचा. बाटलीवर 'बारा महिने' असं लिहिलेलं दिसलं की मी मनात चाराने भागते. आपलं ऊन, आपला पाऊस आणि आपली धूळ लेबल छापणाऱ्याने पाहिलेली नसते.

माझी यादी आणि मी दिलेले पैसे: अर्ध्या लिटरच्या आसपासचा सिरॅमिक स्प्रे १,२०० रुपये, न्यूट्रल पीएचचा शांपू ४००, क्ले बार ५००, लोखंडाचे कण काढणारं द्रावण ५००, चांगली मायक्रोफायबर फडकी चार, ६००. एकूण ३,२००. एका वेळी हॅचबॅकला साधारण ६० मिलिलिटर स्प्रे लागतो, म्हणजे बाटली आठ वेळा पुरते. तीन महिन्यांनी एकदा धरलं तर दोन वर्षं. वर्षाला एकदा शांपू-फडकी नवी. २८ हजारांशी तुलना तुम्हीच करा. आणि त्या कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाच वर्षांची वॉरंटी हवी तर दर सहा महिन्यांनी त्यांच्याचकडे पैसे भरून मेन्टेनन्स करून घ्यायचा.

मग स्टुडिओत कुणी जाऊच नये का? जावं की. गाडी काळी, नवी, आठ-दहा वर्षं ठेवायची आणि महिन्याचं बजेट ताणलेलं नसेल, तर चांगल्या हाताचं काम पैसे वसूल करतं. माझ्या गाडीची रिसेल तीन वर्षांनी जी येईल ती येईल. तिच्यावर २८ हजार लावून त्यातले दोनही परत मिळणार नाहीत.

लावायच्या आधीचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच महत्त्वाचं. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी पाण्याने धूळ उतरवा. दोन बादल्या घ्या, एक शांपूची, एक नुसती फडकं खळबळायची. टपापासून खाली या, चाकं शेवटी आणि चाकांचं फडकं वेगळं. मग हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा. रव्यासारखं काही लागलं तर ते धुण्याने न निघणारे कण. ब्रेकचा आणि रेल्वे रुळांजवळचा लोखंडी चुरा असेल तर ते द्रावण फवारल्यावर जांभळे ओघळ येतात. वास भयंकर, समाधान अपार! उरलेलं क्ले बार काढतो, पण भरपूर साबणपाणी घालून आणि न दाबता. क्ले खाली पडला तर फेकून द्या, पाचशे रुपये रडले तरी. गाडी कोरडी करून मग स्प्रे. एका पत्र्याला दोन-तीन फवारे, एका फडक्याने पसरा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. जास्त फवारलं की जास्त टिकत नाही, नुसते तेलकट पट्टे उठतात. पुढची काच मात्र वाचवा, वायपर फरफरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांची धूसर वर्तुळं दिसतात.

मुहूर्त म्हणाल तर मेअखेर एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा नक्की. दसऱ्याच्या आधी नको, कारण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक निघणारच आणि आईला 'कोटिंग मुरतंय' हे कारण सांगायची तुमची हिंमत असेल तर तुम्हाला सलाम.

आणि काका?

आता जरा वेगळं. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक काका येतात. पहाटे पाचला सुरुवात, आठपर्यंत ३४ गाड्या. तीन तासांत ३४ म्हणजे एका गाडीला पाच मिनिटं आणि काही सेकंद. एक बादली, एक फडकं. गाडीमागे महिन्याला ६०० रुपये. गेल्या वर्षभरात यातल्या नऊ गाड्यांना स्टुडिओचं कोटिंग झालं आणि प्रत्येक स्टुडिओने मालकाला एकच बजावलं, सोसायटीतल्या माणसाला हात लावू देऊ नका. नऊ गाड्या सुटल्या. महिन्याचे ५,४०० रुपये गेले.

स्टुडिओवाले खोटं बोलत नव्हते. सातव्या गाडीवर पोचेपर्यंत त्या फडक्यात सहा गाड्यांची वाळू असते. पण पाच मिनिटांत आणि एका बादलीत याहून वेगळं कोण करून दाखवेल? ६०० रुपयांत आपण नेमकं तेच विकत घेतलेलं असतं.

मी काकांना म्हटलं, माझी गाडी रोज पुसू नका. आठवड्यातून दोनदाच, पण माझ्या फडक्यांनी, माझ्या पद्धतीने, आणि महिन्याचे ९०० घ्या. त्यांना आधी वाटलं ताई गाडी काढून घेतायत. मग मी त्यांना विनापाइपचा शांपू दाखवला. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायचा, फडकं भिजवून एकाच दिशेने ओढायचं, फडक्याची घडी उलटायची, मळली बाजू पुन्हा रंगाला लावायची नाही, वरून धुवावं लागत नाही. चिखलाने माखलेली गाडी मात्र आधी धुवायलाच हवी. एका गाडीला वीस मिनिटं लागतात. दोन रविवारी त्यांनी माझ्यासमोर केलं, तिसऱ्या रविवारी माझी मागच्या दाराजवळची एक जागा सुटली तेव्हा त्यांनीच दाखवली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हा विषय काढला तेव्हा पार्किंगच्या भांडणात तो पाऊण तास मागे पडला. शेवटी सुटलेल्या नऊपैकी चार जण तयार झाले. स्वतःची फडकी देणार, आठवड्यातून दोनदा, ९०० रुपये. चार जणांचे महिन्याचे ३,६०० झाले. दोघांनी ठाम नकार दिला, वॉरंटीचं कारण सांगून. तिघं अजून बघू म्हणतायत.

परवा काका स्प्रेची बाटली हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "ताई, ही एक बाटली किती गाड्यांना पुरते?" आठ, मी म्हटलं, छोट्या असतील तर. त्यांनी बाटलीवरची किंमत बोटाने शोधली, ओठांतल्या ओठांत भागाकार केला आणि म्हणाले, "दीडशे पडले गाडीला. लावायचे किती घ्यावेत मग?"

मी म्हटलं, तीनशेच्या खाली येऊ नका.